कल्पिटियाचा काइट कॅम्प, एकदा नोव्हेंबरात आणि एकदा जुलैत

आधीच सांगते, हा रिव्ह्यू एकाच काइटसर्फिंग कॅम्पचा आहे (काइट म्हणजे मोठा पतंग, त्याच्या ओढीने बोर्डावर उभं राहून पाण्यावरून जायचं) पण दोन ट्रिपांचा आहे. तोच कॅम्प, तीच झावळ्यांची खोली, शिकवणारा मुलगाही तोच. नोव्हेंबरात सहा दिवस राहून आले तेव्हा विचारलं असतं तर पाचपैकी दोन स्टार दिले असते, आणि जुलैत दहा दिवस राहिले त्याला पाच देऊनसुद्धा कमी वाटतायत. मधल्या काळात कॅम्पवाल्यांनी काही बदललं नव्हतं, एक पंखासुद्धा नाही. कॅम्पचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण त्या पट्ट्यात ओळीने असे बरेच कॅम्प आहेत आणि थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच मिळतं. कॅम्प कुठला हा प्रश्न दुसरा, महिना कुठला हा पहिला, आणि तो पहिला प्रश्न मला कोणी सांगितला नव्हता म्हणून एवढं लिहायला बसलेय.

ज्यांना जागा माहीत नाही त्यांच्यासाठी. कल्पिटिया म्हणजे श्रीलंकेच्या वायव्य किनाऱ्यावरची एक लांबट चिंचोळी जमीन, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला पुत्तलमचं लगून, म्हणजे खाऱ्या पाण्याचं उथळ सरोवर. मुंबईहून कोलंबोची थेट फ्लाइट साधारण अडीच तासांची, विमानतळ कोलंबो शहरात नाही तर उत्तरेला कटुनायकेला आहे त्यामुळे आपल्याला उलट सोयीचंच पडतं, तिथून गाडीने नेगोंबो, चिलाव करत तीनेक तास. शेवटच्या टप्प्यात मिठागरं लागतात, मग नोरोच्चोलाईच्या वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसतात आणि मग रस्त्याच्या कडेने पवनचक्क्या. नोव्हेंबरात त्या पवनचक्क्यांची पाती जवळजवळ उभीच होती. जुलैत गाडीतून त्या फिरताना बघितल्या आणि तिथेच मला कळलं की या वेळी काम होणार.

माझी सुरुवात गोव्यात झाली, मोरजीला, चापोरा नदीच्या मुखाच्या बाजूला, मार्च महिन्यात. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना, तेच. दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते, समुद्रावरची गार हवा आत येते, ते खारे वारे. मोरजीला फेब्रुवारी ते एप्रिल दुपारी एक-दीडच्या सुमाराला वायव्येकडून वारा धरायला लागतो, चार वाजता जोरात असतो, सूर्य खाली आला की संपला. जेमतेम १२ ते १५ नॉट. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, तेव्हा २० नॉट म्हणजे ताशी ३७ किलोमीटर.) शिकायला छान आहे, बॉडी ड्रॅग (बोर्डाशिवाय काइटने पाण्यातून ओढलं जाणं) आणि वॉटर स्टार्ट (पाण्यातून बोर्डावर उभं राहणं) इथपर्यंत मी तिथेच पोचले, पण रोज तीन-चार तासांचाच खेळ आणि एखाद्या दिवशी आभाळ आलं, जमीन तापली नाही की वारा नाहीच. मग सगळे म्हणायला लागले श्रीलंकेला जा, तिथे वाऱ्याची गॅरंटी.

आता नोव्हेंबरची गोष्ट. मी एका ट्रॅव्हलवाल्याकडून पॅकेज घेतलं. त्यांच्या माहितीपत्रकात सरळ लिहिलं होतं की नोव्हेंबरपासून श्रीलंकेचा पीक सीझन सुरू, हवा छान, समुद्र शांत. मी दोनदा फोनवर विचारलं होतं की काइटसर्फिंगसाठी चालेल ना, हो म्हणाले. खोटं बोलले असं मी म्हणणार नाही, त्यांना खरंच माहीत नव्हतं, पण पैसे माझे गेले आणि ऑफिसातून भांडून मिळवलेली सुट्टी गेली. हिक्काडुवा, उनावटुना अशा नैऋत्य किनाऱ्याच्या बीचांवर पोहायला, उन्हात पडायला जाणाऱ्यांचा सीझन साधारण डिसेंबर ते मार्च असतो आणि पॅकेज विकणारे तोच सीझन अख्ख्या देशाला लावतात. पोहणाऱ्याला जे हवं, शांत पाणी, तेच आपल्याला नको असतं. माहितीपत्रकात समुद्र शांत असं वाचलंत की काइटसाठी तो महिना कटाप.

सहा दिवसांत मला दोन दुपारी मिळून तीन तास वारा मिळाला. बाकी लगून नुसतं परातीत ओतलेल्या पाण्यासारखं. दुपारी तीनला काळे ढग यायचे, ढग आले की दहा मिनिटं भस्सकन वारा, मग धो धो पाऊस, मग पुन्हा काही नाही. त्या दहा मिनिटांच्या वाऱ्यात काइट उडवायचा नसतो हे लक्षात ठेवा, ढगाखालचा वारा कुठून येईल आणि किती येईल याचा नेम नसतो आणि विजाही असतात. तिसऱ्या दिवशी मी किनाऱ्यावर काइट फुगवून नुसती बसले होते तेव्हा तो शिकवणारा मुलगा, तिथलाच, कोळ्याच्या घरातला, तमिळ बोलणारा, शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "अक्का, हा वाऱ्याचा महिना नाही, हा डॉल्फिनचा महिना आहे. जुलैत या." तिथे मोठ्या बहिणीला तमिळमध्येही अक्का म्हणतात आणि सिंहलीतही अक्काच. आपल्याकडेही अक्काच. परक्या देशात असं कोणी म्हटलं की राग धरवत नाही.

आणि कॅम्पच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी, मी दहा तासांच्या कोर्सचे सगळे पैसे भरले होते, झाले तीनच तास. उरलेले सात तास त्यांनी कुरकुर न करता वहीत माझ्या नावावर लिहून ठेवले, पुढच्या वेळी घ्या म्हणाले, आणि जुलैत खरंच दिले, एक रुपया जादा न मागता. दुसऱ्यांदा त्याच कॅम्पला गेले ते त्या वहीमुळे.

परत आल्यावर मी डोक्यात घेतलं की हे नीट समजून घ्यायचंच. श्रीलंकेचं हवामान खातं वर्षाचे चार भाग करतं. मार्च-एप्रिल हा मधला काळ, मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी, ऑक्टोबर-नोव्हेंबर पुन्हा मधला काळ, डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी. म्हणजे मी बरोब्बर दुसऱ्या मधल्या काळात जाऊन बसले होते. कमी दाबाचा जो पट्टा सूर्याच्या मागे मागे वर्षभर उत्तरेला-दक्षिणेला सरकत असतो तो या दोन मधल्या काळांत साधारण डोक्यावर असतो, आणि तो डोक्यावर असला की वाऱ्याला ठाम दिशाच राहत नाही, हवा नुसती वर चढते आणि संध्याकाळी पाऊस पाडते. हा पट्टा वर उत्तरेला गेला की नैऋत्येचा वारा, खाली दक्षिणेला गेला की ईशान्येचा. उष्ण कटिबंधात कुठेही काइटला जायचं असेल तर आधी एवढंच शोधा की तुमच्या तारखेला तो पट्टा कुठे आहे, डोक्यावर असेल तर तिकीट काढू नका.

मग मला पडलेला प्रश्न तुम्हालाही पडेल. जून-जुलै-ऑगस्ट म्हणजे आपल्याकडे समुद्र बंद. कोकणात आणि गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी होड्या पाण्यात घालत नाहीत, मोरजीला लाल झेंडे. मग तोच नैऋत्य मोसमी वारा कल्पिटियात चांगला कसा? याचं उत्तर डोंगरात आहे. आपल्याकडे तो वारा सह्याद्रीवर येऊन आदळतो, वर चढायला लागतो, चढताना गार होतो, ढग, पाऊस, आणि ढगांबरोबर वारा तुकड्या-तुकड्यांनी येतो, मधेच झोडपतो आणि मधेच पडतो. शिवाय तो सरळ किनाऱ्याकडे ढकलणारा वारा, काइट घेऊन उतरलात तर खडकांवर नेऊन टाकेल. कल्पिटियात त्या वाऱ्याला चढायला डोंगरच नाही, सगळी सपाट वाळू आणि माड. श्रीलंकेचा डोंगर मध्यावर, दक्षिणेला, तिथे रत्नपुराच्या बाजूला तो काय पडायचा तो पाऊस पडतो. इकडे पुत्तलम-मन्नारचा भाग कोरडा. आपल्या साताऱ्याची आठवण झाली मला, महाबळेश्वरला पावसाची धार आणि चाळकेवाडीच्या पठारावर तोच वारा पवनचक्क्या फिरवतोय आणि खाली माणात नुसती धूळ उडवतोय. अगदी तंतोतंत तसंच नाही, पण समजायला पुरेसं.

त्यात भर म्हणजे बोळ. एकीकडे दक्षिण भारताचे डोंगर, दुसरीकडे श्रीलंकेचे, आणि मधे मन्नारचं आखात. जुन्या वाड्याच्या बोळात उन्हाळ्यातही वारा लागतो ना, तसा तो वारा या दोन डोंगरांच्या मधून दाबून निघतो आणि जोर धरतो. तमिळनाडूत मुप्पंदलला डोंगरातल्या अशाच एका खिंडीपाशी एवढ्या पवनचक्क्या आहेत, मन्नार बेटावर १०० मेगावॉटच्या वर क्षमतेचा वारा प्रकल्प आहे आणि कल्पिटियाच्या रस्त्याला पण आहेत. वीज कंपन्या वर्षानुवर्षं वारा मोजून मगच खांब रोवतात, तेव्हा नकाशावर समुद्राजवळ पवनचक्क्या दिसल्या की मी आता ते ठिकाण वहीत लिहून ठेवते.

तर जुलै. पहिल्या रात्री झोपच लागली नाही, माडांच्या झावळ्या रात्रभर खोलीच्या छपरावर सपासप. सकाळी सातला बाहेर आले तर १४ नॉट, आणि ही सकाळ आहे, मोरजीला एवढा वारा दुपारी चारला मिळाला तर आम्ही टाळ्या वाजवायचो. अकरापासून २० आणि दुपारी तीन-चारला २५. कारण मोसमी वारा दिवसरात्र चालूच असतो आणि दुपारी जमीन तापली की खाऱ्या वाऱ्याचा जोर त्याच्यावर बसतो, दोन्ही मिळून. दहा दिवसांतले नऊ दिवस मी पाण्यात होते. दहावा दिवस पण वाऱ्यामुळे नाही गेला, माझ्या तळहातांना फोड आले होते म्हणून बसले. पाऊस दहा दिवसांत एकदा, पाच मिनिटं शिडकावा.

लगूनचं महत्त्व तिथे गेल्यावरच समजतं. समुद्राच्या बाजूला त्या वाऱ्याने लाटा उठलेल्या असतात, चॉप असतो, म्हणजे पाणी खडबडीत, शिकणाऱ्याचं तिथे काम नाही. पण मधे वाळूचा पट्टा आहे, तो लाटा अडवतो आणि बुटका असल्यामुळे वारा अडवत नाही. म्हणजे वारा पूर्ण आणि पाणी सपाट, कमरेएवढं खोल. पडलं की उभं राहायचं. मी गोव्यात पडले की काइट सांभाळत लाटांत गटांगळ्या खायचे, इथे एका दिवसात पन्नास वेळा पडून पन्नास वेळा उभी राहिले आणि चौथ्या दिवशी पहिल्यांदा अपविंड गेले, म्हणजे जिथून निघाले तिथेच परत आले, चालत नाही तर बोर्डावरून. किनाऱ्यावर आल्यावर तो मुलगा काहीच बोलला नाही, नुसतं वाळूत पायाने मी निघाले त्या जागी केलेली रेघ दाखवली, रेघेच्या चार पावलं पुढे आले होते. मी रडले, खरंच.

त्याच्याकडून शिकलेली सगळ्यात मोठी गोष्ट पाणी वाचायची. मी सारखी ॲप बघायचे, तर म्हणाला, "अक्का, फोन खोलीत ठेवा, पाण्याकडे बघा." जोराचा झोत यायच्या आधी पाण्यावर गडद डाग सरकत येतो, सावलीसारखा, बारीक सुरकुत्या पडलेला. तो डाग तुमच्यापर्यंत यायला चार-पाच सेकंद असतात, तेवढ्यात बार, म्हणजे काइट चालवायची हातातली दांडी, थोडा सोडायचा. पाण्यावर फिकट गुळगुळीत पट्टा दिसला की तिथे वारा पडलेला असतो, तिथे काइट खाली येऊ शकतो. आणि समुद्राकडे पांढरा फेस एखाददुसरा दिसतोय की सगळीकडे दिसतोय, सगळीकडे असेल तर १२ नॉटच्या वर आहेच समजायचं. हे सगळं त्याने मला बार हातात न देता, अर्धा तास नुसतं काठावर बसवून शिकवलं आणि तो अर्धा तास कोर्सच्या हिशोबात धरला नाही.

आता एक गोष्ट जी मला अजूनही मनातून जात नाही. सहाव्या दिवशी आईचा फोन आला. म्हणाली, पावसाने दडी मारलीय, आठवडा झाला, मामाच्या शेतातलं सोयाबीन माना टाकायला लागलंय. आणि त्याच दोन दिवसांत आमच्याकडे वारा २८ नॉटवर गेला होता, सगळे सगळ्यात लहान काइट शोधत होते. मला तो योगायोग वाटला. परत आल्यावर वाचलं तर दीडेक किलोमीटर उंचीवरून एक जोराचा झोत वाहतो, सोमालियाच्या किनाऱ्याजवळून निघून अरबी समुद्र ओलांडून आपल्याकडे येतो, पाऊस आणणारं बाष्प तोच ओढून आणतो. पाऊस चांगला चालू असतो तेव्हा त्याचा मुख्य गाभा आपल्या द्वीपकल्पावरून जातो, आणि पावसात खंड पडतो तेव्हा तो खाली दक्षिणेला सरकून श्रीलंकेच्या अक्षांशांवरून जातो. कल्पिटिया ८ अंश उत्तरेला आहे, बरोबर त्या वाटेवर. म्हणजे मामाच्या शेतावर जो वारा आला नाही तो कदाचित माझ्या काइटमध्ये होता. काय वाटलं ते सांगता येत नाही. पण उपयोगाची गोष्ट म्हणून सांगते, तिकडे असताना आपल्या हवामान खात्याच्या बातम्या बघत जा, महाराष्ट्रात खंडाचा अंदाज असेल तर लहान काइट आधीच बुक करून ठेवा.

ॲपविषयी थोडं, कारण बरेच जण फक्त ॲप बघून तारखा ठरवतात. विंडगुरू, विंडी, विंडफाइंडर तिन्ही वापरते, तिन्ही चांगली आहेत, पण त्यांचा अंदाज एक आठवड्याच्या पुढे धरू नका, तीन महिने आधी तिकीट काढताना अंदाजाचा काही उपयोग नसतो. तिथे बघायची ती मागच्या वर्षांची आकडेवारी. विंडफाइंडरवर प्रत्येक ठिकाणाच्या पानावर महिन्यागणिक किती टक्के वेळा वारा ४ बोफोर्ट (वाऱ्याच्या जोराची मोजपट्टी, ४ म्हणजे साधारण ११ नॉटपासून) किंवा त्याच्या वर होता ते मिळतं, तो टक्का बघा. सरासरी वेग बघू नका, सरासरी फसवते, अर्धे दिवस २४ आणि अर्धे दिवस शून्य असले तरी सरासरी १२ च दिसणार. दुसरं, या ॲपांमागचं हवामानाचं मॉडेल काही किलोमीटरच्या चौकोनांत हिशोब करतं, जीएफएस नावाच्या अमेरिकी मॉडेलचा चौकोन साधारण १३ किलोमीटरचा, आणि कल्पिटियाची जमीन बऱ्याच ठिकाणी त्याहून अरुंद. त्यामुळे दुपारी जमीन तापून जो जादा वारा चढतो तो त्या चौकोनात दिसतच नाही. मी पहिले तीन दिवस वहीत दोन रकाने केले, एकात ॲपचा आकडा आणि दुसऱ्यात कॅम्पच्या हातात धरायच्या वारामापकाचा, दुपारी तीनला. ॲप १६ तर मापक २१, ॲप १८ तर मापक २४, ॲप १७ तर २२. रोज पाच-सहा नॉट जास्त. हे एकदा कळल्यावर पुढचे सात दिवस सकाळीच ठरवता आलं कुठला काइट फुगवायचा. कुठेही गेलात तरी हे तीन दिवस करा, फरक ठिकाणागणिक वेगळा असतो.

आणि झोताचा आकडा, गस्ट, तो नुसत्या वेगाच्या शेजारी ठेवून बघा. २० ला २४ चा गस्ट म्हणजे लोण्यासारखा वारा. १४ ला २७ चा गस्ट दिसला तर मी किनाऱ्यावरच बसते. कारण वाऱ्याची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते, १५ चे २५ नॉट झाले की ओढ दीडपट-पावणेदोनपट होत नाही, जवळजवळ पावणेतीनपट होते, आणि ती एका सेकंदात हार्नेसला, म्हणजे काइट जोडलेल्या कंबरेच्या पट्ट्याला, लागते.

इथेच कॅम्पबद्दलची माझी मुख्य तक्रार. माझं वजन ५८ किलो. २० नॉटपर्यंत ९ मीटरचा काइट ठीक (हे माप चौरस मीटरचं, लांबीचं नाही), २५ ला ७ मीटरचा लागतो. बुकिंगच्या वेळी मेलवर सगळं किट मिळेल असं लिहून आलं होतं. गेल्यावर कळलं की ७ मीटरचे अख्ख्या कॅम्पात दोनच, त्यातला एक बहुतेक वेळ कोर्सच्या मुलांकडे, आणि दुसऱ्याच्या ब्लॅडरमधून, म्हणजे आतल्या फुगवायच्या नळीतून, हवा जायची, दर पाऊण तासाने येऊन पंप मारावा लागायचा. जुलै-ऑगस्टात दुपारी सगळ्यांनाच लहान काइट हवा असतो, तेव्हा त्यांनी चार-पाच ठेवायलाच हवेत. मी हे मालकाला तोंडावर सांगितलं, त्याने ऐकून घेतलं. तुम्ही कुठल्याही कॅम्पला मेल करताना किट आहे का असं विचारू नका, तुमचं वजन लिहा आणि ७ मीटरचे किती आणि किती जुने हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. बारच्या लाइन्स, म्हणजे काइटला जोडलेल्या दोऱ्या, एकदा स्वतः ताणून चारही सारख्या आहेत का बघा, माझी एक बोटभर लांब निघाली होती, काइट सारखा डावीकडे ओढत होता आणि दोन दिवस मला वाटत होतं की चूक माझी आहे.

दुसरी तक्रार पाण्याची, नळाला खारट पाणी येतं, केसांचा काथ्या होतो. प्यायला मोठी बाटली देतात ती पुरते. वीज दोनदा गेली, जनरेटर आहे पण रात्री अकराला बंद करतात. खोलीत एसी नाही आणि जुलैत लागतही नाही, खिडकी उघडली की पुरे. जेवण मला फार आवडलं, दुपारी भात, परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातलं डाळीचं वरण, एक मासा, दोन भाज्या आणि पोल संबोल, खोबरं-मिरची-कांद्याचं, आपल्या ओल्या चटणीच्या घरातलं पण लिंबू जास्त. कोकणी माणसाला त्या गावात परकं वाटणारच नाही, रस्त्याच्या कडेला मासळी वाळत घातलेली असते आणि वास अगदी सुकटीच्या बाजाराचा. शाकाहारींची पण सोय होते, सकाळी इडियाप्पम, म्हणजे तांदळाच्या शेवया, आणि संबोल. जेवणाला वेळ मात्र लागतो, दुपारी पाण्यातून बाहेर आल्यावर तासभर धरा.

सुरक्षेचं म्हणाल तर रेस्क्यू बोट आहे आणि दहाही दिवस तिच्यावर माणूस होता, हे मी रोज बघत होते. लगूनमध्ये कोळ्यांची जाळी असतात, काठ्या रोवलेल्या असतात, तिकडून जायचं नाही, त्यांचं पोट आहे ते, आणि लाइन्स अडकल्या तर तुमचाही जीव जाईल. तळाला शिंपले आहेत, पायात बूट घालाच.

एक दिवस ते वेल्ला नावाच्या वाळूच्या बेटावर बोटीने घेऊन गेले, त्याचे वेगळे पैसे, पण द्यावेत. लांबलचक वाळूची जीभ, तिच्या आडोशाला पाणी इतकं सपाट की बोर्डाची रेघ मागे उमटून राहते.

आता ज्यांना सुट्टी डिसेंबर-जानेवारीतच मिळते त्यांच्यासाठी. कल्पिटियाला दुसरा सीझन आहे, साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत, ईशान्य मोसमी वाऱ्याचा. तो हलका असतो, १२ ते १८ समजा, आणि रोज असेलच असं नाही. मोठे काइट लागतात, माझ्या वजनाला ११-१२ मीटर. आणि लक्षात घ्या, समुद्राच्या किनाऱ्यावर हा वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो, ऑफशोअर, म्हणजे काही बिघडलं तर तुम्हाला बाहेर खोल समुद्रात घेऊन जाणार. त्या दिवसांत बोट नसेल तर लगूनबाहेर पडू नका. नुकतं शिकलेल्यांना मी हिवाळा नाही म्हणेन.

पासपोर्टची भानगड नको असेल तर रामेश्वरम, त्याच बोळाच्या आपल्या बाजूला, दोन्ही मोसमी वारे मिळतात. लांब जायचं असेल तर झांझिबारला पाजे, तिथेही हेच मोसमी वारे, जून ते सप्टेंबरच्या वाऱ्याला कुसी म्हणतात आणि डिसेंबर ते मार्चच्या वाऱ्याला कस्काझी, याच दोन वाऱ्यांवर जुन्या काळी तिकडची गलबतं आपल्या किनाऱ्याला यायची आणि परत जायची. व्हिएतनामचं मुइ ने नोव्हेंबर ते मार्च. ब्राझीलचा सेआरा किनारा मात्र मोसमी नाही, व्यापारी वाऱ्यांचा, तिथे वर्षाचा उत्तरार्ध, जुलैपासून डिसेंबरपर्यंत. मी यातल्या एकाही ठिकाणी गेलेले नाही, सीझनचा हिशोब करून ठेवलाय फक्त.

तारखा विचाराल तर माझ्या मते २० जून ते ऑगस्ट अखेर. मेच्या मध्याला वारा सुरू होतो पण मोसमी वारे नीट बसेपर्यंत एखादा आठवडा मधे सुटू शकतो, आणि सप्टेंबर चांगला असतो, ऑक्टोबरच्या मध्यानंतर नको. शिकणाऱ्यांनी रोज सकाळी सात ते दहाचा स्लॉट मागून घ्यावा, वारा असतो पण दुपारएवढा अंगावर येत नाही, दुपार दुसऱ्या आठवड्यासाठी ठेवा. आठ दिवसांहून कमी जाऊ नका. मी पुढच्या जूनचं त्याच कॅम्पला कळवून टाकलंय, वजनासकट, आणि या वेळी ७ मीटरचा माझ्या नावावर वहीत लिहिल्याचा फोटो मागवून घेतलाय.